बासमती मोकळा व्हावा म्हणून

पत्र

सादर नमस्कार. आमच्या घरी रोजचा भात आजऱ्याच्या घनसाळचा किंवा इंद्रायणीचा असतो आणि तो कुकरमध्ये तीन शिट्ट्यांत उत्तम होतो. मागच्या महिन्यात पाहुण्यांसाठी मी प्रथमच बासमती आणला. सहा वाट्या तांदूळ धुऊन लगेच स्टीलच्या मोठ्या पातेल्यात घातले, दुप्पट म्हणजे बारा वाट्या पाणी घातले आणि मोठ्या आचेवर ठेवले. मधूनमधून झाकण काढून ढवळत होतो. शेवटी खालचा थर लागला, मधला भात गिचका झाला आणि वरच्या शितांत कणी राहिली. पुढच्या महिन्यात आई-वडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षे पूर्ण होत आहेत. रात्री पंधरा जण जेवायला आहेत आणि मोकळा पांढरा भात मलाच करायचा आहे. कुकर न वापरता गॅसवर तो कसा करावा? पाण्याचे नेमके प्रमाण काय? सेला तांदूळ घेतला तर भात बिघडतच नाही, असे दुकानदार म्हणतो, ते खरे आहे का? आणि सकाळीच भात करून ठेवला तर रात्रीपर्यंत चालेल का?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण काय काय केले ते क्रमाने आणि नेमके लिहिले आहे, त्यामुळे भात कुठे बिघडला हे सांगणे सोपे झाले आहे. आपली मेहनत कुठेही कमी पडलेली नाही. आच, पाणी आणि ढवळणे ही तिन्ही मात्र जरुरीपेक्षा जास्त झाली. बासमतीच्या बाबतीत माझे ठाम मत असे आहे की त्याचा मोकळेपणा गॅस पेटवण्यापूर्वी भिजवण्यात आणि गॅस बंद केल्यानंतर वाफ मुरू देण्यात ठरतो, आणि या दोहोंच्या मधल्या दहा-पंधरा मिनिटांत त्याला शक्य तितका कमी हात लावावा लागतो. पाण्याचे प्रमाण महत्त्वाचे आहेच. परंतु बहुतेक जण सगळा भरवसा त्या एका प्रमाणावर ठेवतात आणि भिजवणे व मुरवणे या दोन्ही गोष्टी घाईत सोडून देतात.

प्रथम तांदळातला फरक लक्षात घ्यावा. घनसाळ, इंद्रायणी, आंबेमोहोर हे आपल्याकडचे तांदूळ शिजल्यावर मऊ होणारे आणि एकमेकांना किंचित धरून राहणारे आहेत. वरण कालवायला किंवा तूप-मीठ घालून लहान मुलाला भरवायला हाच गुण हवा असतो, आणि कुकरमध्ये तो सहज साधतो. बासमतीचा दाणा लांब आणि सडपातळ असतो, आणि शिजताना तो जाडीपेक्षा लांबीने अधिक वाढतो. चांगल्या बासमतीचे शीत कोरड्या दाण्याच्या जवळजवळ दुप्पट लांब होते. तांदळाच्या पिष्टात अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. अमायलोपेक्टिनचे प्रमाण फार असले की भात चिकट होतो, आणि अमायलोज पुरेसे असले की शिते थोडी निवल्यावर घट्ट व सुटी राहतात. बासमतीत अमायलोज साधारण २० ते २५ टक्के, म्हणजे मध्यम प्रमाणात असते. त्यामुळे तो मोकळा होऊ शकतो, पण आपोआप होत नाही. कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि शिट्टी होताना आतले पाणी जोरात उसळते. लांब, नाजूक दाणा त्यात फाटतो. आपण कुकर बाजूला ठेवायचे ठरवलेत, हे योग्यच केले.

आता त्या दिवशी पातेल्यात काय झाले ते पाहू. न भिजवलेला कोरडा दाणा तापत्या पाण्यात असला की त्याचा बाहेरचा थर आधी पाणी पिऊन फुगतो आणि शिजू लागतो, गाभ्यापर्यंत पाणी पोहोचायला मात्र बराच वेळ लागतो. अशा अर्ध्या कच्च्या अवस्थेत डाव फिरवला की मऊ झालेली टोके मोडतात, त्यांतले पिष्ट पाण्यात उतरते आणि पाण्याची खळ होते. पातळ पाणी खालून वर फिरत राहते आणि उष्णता सगळीकडे पोहोचवते. दाट खळ जागच्या जागी बसून राहते. त्यातून स्टीलच्या पातळ बुडाच्या पातेल्यात ज्योतीच्या थेट वरचा भाग फार तापतो आणि ती उष्णता कडेपर्यंत नीट पसरत नाही, म्हणून तेवढ्या भागात भात लागला. प्रत्येक वेळी झाकण काढल्यामुळे वरच्या थराला शिजवणारी वाफ निघून गेली, म्हणून वरच्या शितांत कणी राहिली. एकाच भांड्यात करपलेला, गिचका आणि कच्चा असे तिन्ही प्रकार झाले त्याचे कारण हे आहे, आणि ते पुढच्या वेळी पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे.

एकास दोन हे पाण्याचे प्रमाण आपल्याकडे सर्वतोमुखी आहे. एका वाटीपुरते, न भिजवलेल्या तांदळाला, ते चालूनही जाते. तांदूळ वाढवला की ते फसते. भात करताना पाणी दोन वाटांनी जाते. एक भाग दाण्यांत जिरतो, आणि तो तांदळाच्या मापाने वाढतो. दुसरा भाग वाफ होऊन झाकणाच्या फटीतून निघून जातो. तो तांदूळ किती आहेत यावर फारसा अवलंबून नसतो, तर पातेले केवढे रुंद आहे, झाकण किती घट्ट बसते आणि आच किती वेळ राहते यांवर ठरतो. तांदूळ सहापट घेतले म्हणून वाफ सहापट उडत नाही. म्हणून मी सुचवते ते प्रमाण असे आहे: अर्धा तास भिजवून निथळलेल्या जुन्या बासमतीला, कोरड्या तांदळाच्या दर वाटीमागे सव्वा वाटी पाणी, आणि उडणाऱ्या वाफेसाठी एकूण मापात एकदाच पाव वाटी. म्हणजे एका वाटीला दीड वाटी, दोन वाट्यांना पावणेतीन वाट्या आणि तीन वाट्यांना चार वाट्या. या हिशेबाने आपल्या सहा वाट्यांना पावणेआठ वाट्या पाणी पुरले असते; तांदूळ भिजवलेले नव्हते म्हणून आणखी दीड वाटी धरली, तरी बारांपैकी जवळजवळ तीन वाट्या पाणी निव्वळ जादा होते. झाकण सैल असेल किंवा पातेले पसरट असेल तर पाव वाटीच्या जागी अर्धी वाटी धरावी. एकदा करून पाहिल्यावर आपल्या भांड्याप्रमाणे त्यात दोन-चार चमच्यांचा फेरफार करावा लागेल, आणि मग तेच प्रमाण कायमचे आपले होईल.

खरेदी करताना दाणा अखंड आणि तांदूळ जुना असावा, या दोन गोष्टींकडे सर्वांत आधी पाहावे. दुकानात दुबार, तिबार, मोगरा अशा नावांनी मिळतो तो कमी-अधिक तुटलेला बासमती असतो. तो चवीला वाईट नसतो आणि खिचडीला किंवा खिरीला उत्तम असतो, पण तुटलेल्या प्रत्येक टोकातून पिष्ट बाहेर येते, म्हणून मोकळ्या भातासाठी तो घेऊ नये. नव्या तांदळात ओलावा अधिक असतो आणि त्याचा भात चिकट होतो; वर्षभर किंवा त्याहून अधिक साठवून मुरलेला तांदूळ पाणी जास्त पितो, लांब फुलतो आणि सुटा राहतो. बासमतीला २०१६ मध्ये भारतात भौगोलिक मानांकन मिळाले. पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश, दिल्ली, उत्तराखंड, तसेच पश्चिम उत्तर प्रदेश आणि जम्मूकडील काही जिल्हे हा त्याचा प्रदेश आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाची बासमतीसाठीची मानकेही लागू झाली आहेत. त्यांनुसार तांदळाला नैसर्गिक सुगंध असला पाहिजे आणि त्यात कृत्रिम रंग, कृत्रिम सुगंध किंवा चकाकी आणणारी द्रव्ये असता कामा नयेत. म्हणून सुट्या पोत्यातला अनोळखी तांदूळ घेण्यापेक्षा, ज्यावर जात, पॅकिंगची तारीख आणि जुना असल्याचा उल्लेख आहे असे पाकीट घ्यावे. बाजारात सर्वांत लांब दाण्याचा म्हणून जो दिसतो तो बहुधा पुसा बासमती ११२१ असतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ही जात २००३ मध्ये दिली. ताटात ती फार देखणी दिसते. मात्र सुगंध हवा असेल तर पारंपरिक जातीचा, दाण्याने जरा लहान असलेला बासमती मला अधिक आवडतो.

सेला तांदळाविषयी दुकानदाराचे म्हणणे निम्मे खरे आहे. सेला म्हणजे धान तुसासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडलेला तांदूळ. त्याचे पिष्ट आधीच एकदा शिजून घट्ट झालेले असते, त्यामुळे पाणी थोडे अधिक झाले किंवा आच थोडी जास्त लागली तरी दाणा मोडत नाही. शेकडो पानांचा स्वयंपाक करणारे आचारी तो यासाठीच घेतात. परंतु त्याला तास-दीड तास भिजवावे लागते, शिजायलाही वेळ अधिक लागतो, आणि बासमतीचा जो मंद वास व मऊपणा असतो तो त्यात उणा पडतो. घरच्या पंधरा माणसांसाठी, तेही आई-वडिलांच्या निमित्ताने, आपण साधा जुना बासमतीच घ्यावा.

तांदूळ धुताना चोळू नयेत. पसरट भांड्यात भरपूर पाणी घेऊन बोटांनी हलकेच फिरवावेत आणि धुवण ओतून द्यावे. असे तीन-चार वेळा करावे. पाणी अगदी नितळ होईपर्यंत धुण्याची आवश्यकता नाही, पांढरटपणा बराच कमी झाला की पुरे. गिरणीत सडताना आणि पाकिटात घासले जाताना दाण्यांवर पिष्टाची जी भुकटी बसते तेवढीच आपल्याला काढायची असते. नंतर तांदूळ बुडून वर दोन बोटे पाणी राहील असे अर्धा तास भिजत ठेवावेत. हा अर्धा तास कधीही वगळू नये. भिजवण्यापूर्वी एक दाणा उजेडात धरून पाहिला तर तो काचेसारखा किंचित पारदर्शक दिसतो; अर्ध्या तासाने तोच दाणा पूर्ण पांढरा, खडूसारखा अपारदर्शक झालेला असतो आणि नखाने दाबला तर कट असा आवाज न करता सहज तुटतो. याचा अर्थ पाणी गाभ्यापर्यंत गेले. आता आचेवर ठेवल्यावर दाण्याचा आतला आणि बाहेरचा भाग जवळजवळ बरोबरीने शिजेल, शिजण्याचा वेळ कमी होईल आणि दाणा फाटण्याऐवजी लांब होईल. तीन-चार तास मात्र भिजवू नये, कारण फार भिजलेला दाणा हाताळतानाच मोडतो. भिजवलेले पाणी टाकून तांदूळ रोवळीत किंवा बारीक भोकांच्या चाळणीत दहा मिनिटे निथळू द्यावेत. निथळणे आळसाने अर्धवट सोडले तर चाळणीत राहिलेले ते पाणी आपल्या मापात न धरता शिरते, आणि काळजीपूर्वक केलेला सगळा हिशेब चुकतो.

समारंभापूर्वी आपण घरी दोन वाट्यांचा भात एक-दोन वेळा अवश्य करून पाहावा. त्यासाठी जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे पातेले घ्यावे. पावणेतीन वाट्या पाण्याचे आधण ठेवावे, त्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा साजूक तूप घालावे. पाणी खळखळ उकळू लागले की निथळलेले तांदूळ वैरावेत आणि तळाशी गोळा बसू नये म्हणून एकदाच, फक्त एकदाच, अलगद ढवळावे. पुन्हा उकळी आली की आच मध्यम करावी आणि झाकण अर्धवट ठेवून तिथेच उभे राहावे. दोन-तीन मिनिटांत पाणी तांदळाच्या पातळीशी येते, वरचा फेस ओसरतो आणि भाताच्या पृष्ठभागावर लहान लहान भोके पडून त्यांतून वाफ निघताना दिसते. हा क्षण नीट ओळखता आला की बासमती जमला असे समजावे. भोके दिसताच आच अगदी मंद करावी, झाकण घट्ट लावावे आणि आठ ते दहा मिनिटे ते उघडू नये. घरातल्या गॅसची मंद आचही तीव्र वाटत असेल तर पातेल्याखाली लोखंडी तवा सरकवावा. पिष्ट ७० ते ७५ अंशांच्या आसपासच शिजू लागते, त्यामुळे या टप्प्यावर जोराच्या उकळीची गरज नसते. भांड्यात कोंडलेली वाफ ते काम पुरे करते.

त्यानंतर गॅस बंद करावा आणि आणखी दहा मिनिटे झाकणाला हात लावू नये. या दहा मिनिटांविषयी मी आग्रही आहे. गॅस बंद करताना खालचा भात ओलसर असतो आणि वरचा त्या मानाने कोरडा. मुरताना वाफ वर-खाली फिरून ओलावा सारखा होतो. शिवाय कडकडीत गरम शीत फार मऊ असते आणि चमचा लागताच मोडते, तर थोडे निवल्यावर ते घट्ट होते. झाकणाला आतून स्वच्छ सुती फडके बांधले, त्याची टोके वर घेऊन झाकणाच्या मुठीवर गाठ मारली, तर झाकणावर साचणारे थेंब भातावर पडत नाहीत. बासमतीचा मोठा ग्राहक असलेल्या इराणमध्ये घरोघरी भाताचे झाकण असे कापडात गुंडाळूनच ठेवतात. फडक्याची टोके ज्योतीकडे लोंबणार नाहीत, एवढी काळजी मात्र घ्यावी. भात सुटा करताना डावाने उपसू नये; झाऱ्याची पातळ कड किंवा काटा कडेने आत घालून खालचा भात हलकेच वर आणावा.

पंधरा जणांसाठी मात्र मी आपल्याला ही रीत सुचवणार नाही. ताटात पोळ्याही असतील तर माणशी ५० ते ६० ग्रॅम तांदूळ पुरतात आणि भातच मुख्य असेल तर ७५ ते ८० ग्रॅम लागतात. आपण एक किलो धरावा. एवढ्या भाताचा थर पातेल्यात उंच होतो, खालच्या शितांवर वरचा भार पडतो, आणि पाणी अर्धी वाटी जरी चुकले तरी ते दुरुस्त करता येत नाही. अशा वेळी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वेळून भात करण्याची पद्धत फार उपयोगी पडते. भरपूर पाण्यात तांदूळ शिजवायचे, थोडी कणी राहिली की पेज काढून टाकायची आणि उरलेला भात वाफेवर मुरवायचा. कोकणात ही पद्धत वेगळ्या तांदळासाठी आहे, पण बासमतीला ती तंतोतंत लागू पडते, कारण तिच्यात पाण्याचे माप चुकण्याचा प्रश्नच उरत नाही आणि सुटलेले पिष्ट पेजेबरोबर निघून जाते. हिचा तोटाही सांगितला पाहिजे. काही जीवनसत्त्वे पेजेत जातात आणि थोडा सुगंधही जातो. बासमतीचा वास मुख्यतः २-असिटिल-१-पायरोलीन या उडून जाणाऱ्या द्रव्यामुळे असतो, आणि तेच आंबेमोहोरातही असते. म्हणून रोजच्या दोन वाट्यांना मी पाणी जिरवण्याचीच पद्धत वापरावी असे म्हणेन, आणि पंगतीसाठी वेळण्याची.

एक किलो तांदूळ एकदम न करता अर्धा-अर्धा किलोचे दोन घाणे करावेत. उकळत्या पाण्याने भरलेले मोठे पातेले उचलून चाळणीत उपडे करणे हे या कामातले एकमेव धोक्याचे पाऊल आहे, आणि निम्मे वजन असले की ते पुष्कळ सुरक्षित होते. तरीही मदतीला एक जण असावा, चाळणी आधीच मोरीत किंवा सिंकमध्ये पक्की बसवलेली असावी, आणि लहान मुले त्या वेळी स्वयंपाकघरात नसावीत. अर्ध्या किलोला तीन लिटर पाणी घ्यावे आणि दर लिटरला दीड-दोन चहाचे चमचे मीठ घालावे. पाणी चाखल्यावर आमटीपेक्षा खारट लागेल, पण त्यातले बहुतेक मीठ पेजेबरोबर जाणार आहे. पाणी खळखळून उकळले की भिजवून निथळलेले तांदूळ घालावेत, एकदा ढवळावे आणि उकळी परत आल्यापासून वेळ मोजावा. चौथ्या मिनिटापासून दर मिनिटाला एक शीत काढून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबून पाहावे. दोन्ही टोके सहज चिरडली जातात, पण मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढा पांढरा, टणक ठिपका बोटाला जाणवतो, ती नेमकी वेळ असते. बहुधा ती पाचव्या-सहाव्या मिनिटाला येते. कणी पूर्ण जाईपर्यंत थांबू नये, कारण तेवढे शिजणे पुढच्या वाफेसाठी राखून ठेवायचे असते. लगेच चाळणीत ओतावे आणि एक-दोन मिनिटे निथळू द्यावे. चाळणी आपटू किंवा भात दाबू नये.

मग जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तूप आणि दोन मोठे चमचे पाणी घालून त्यावर भात हलक्या हाताने रचावा, उलथन्याच्या दांड्याने चार-पाच ठिकाणी तळापर्यंत भोके पाडावीत म्हणजे वाफेला वाट मिळते, फडके बांधलेले झाकण लावावे आणि तव्यावर ठेवून दोन मिनिटे मध्यम व दहा मिनिटे मंद आच द्यावी. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे मुरू द्यावे. दुसऱ्या घाण्याचे आधण पहिला घाणा वेळण्यापूर्वीच शेजारच्या शेगडीवर ठेवले तर दोन्ही भात थोड्याच अंतराने तयार होतात. काढलेली पेज फेकू नये. ती खारट असते, म्हणून त्याच दिवशीच्या आमटीत किंवा कढणात दाटपणासाठी घालावी आणि मग वेगळे मीठ चाखूनच घालावे.

पाण्यात लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब घालावेत असे सांगतात, ते बरोबर आहे. जड पाणी क्षारयुक्त असते आणि त्यात भात किंचित पिवळट दिसतो. आंबटपणाने तो पांढरा राहतो. तेला-तुपाने फेस कमी येतो आणि शितांना थोडी तुळतुळी येते, परंतु भिजवण्याची आणि मुरवण्याची जागा ते घेऊ शकत नाही.

इतके करूनही एखाद्या वेळी काही राहिले तर घाबरू नये. मुरल्यानंतर कणी जाणवली तर दोन-तीन चमचे कडकडीत गरम पाणी वरून शिंपडून, झाकण लावून पाच मिनिटे मंद आच द्यावी. गार पाणी घालू नये, त्याने शिजणे थांबते. भात ओलसर वाटला तर झाकण काढून दोन-तीन मिनिटे अगदी मंद आचेवर ठेवावा किंवा परातीत पसरावा. ओलसर भात ढवळला की तो हमखास गिचका होतो. तळ लागल्याचा वास आला तर खालचा थर न खरवडता वरचा भात लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा. पूर्ण गिचका झालेला भात मोकळा करण्याच्या नादी न लागता त्याचा दहीभात करावा आणि जेवणासाठी दुसरा घाणा लावावा. यासाठी पाव किलो तांदूळ जास्तीचे आणून ठेवलेले बरे.

आपला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सकाळी केलेला भात रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवू नये, याबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळीतही जिवंत राहतात. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि त्यांपैकी उलट्या घडवणारे विष भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. घरातल्या वयस्कर पाहुण्यांचा विचार करता ही जोखीम घेण्याचे कारण नाही. तयारी मात्र आधी करून ठेवता येते. तांदूळ दुपारी धुऊन, भिजवून, निथळून झाकलेल्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावेत, चाळणी, फडकी, तवा आणि मोजलेले मीठ एका जागी काढून ठेवावे, आणि पाने घेण्यापूर्वी साधारण सव्वा तास आधण ठेवावे. मुरलेला भात झाकण न उघडता, पातेले जाड टॉवेलात गुंडाळून ठेवला तर अर्धा-पाऊण तास चांगला गरम राहतो.

जेवणे आटोपल्यावर उरलेला भात पातेल्यात तसाच ठेवू नये; तो परातीत पातळ पसरून लवकर निववावा, तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी त्याला थोडे पाणी शिंपडून, वाफ येईपर्यंत गरम करून एकदाच वापरावा. फ्रिजमध्ये राहिलेल्या बासमतीची शिते घट्ट आणि सुटी झालेली असतात, त्यामुळे कांदा, शेंगदाणे आणि हिरवी मिरची घालून केलेला फोडणीचा भात त्याचा फार चांगला होतो.